गावाकडची आमदारकी कशी चालवायची: स्वीय सहाय्यकाच्या वहीतून

माणदेशातल्या एका आमदारांचा स्वीय सहाय्यक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. आता तालुक्यातली तरुण पोरं घरी येतात. कुणी नव्या आमदाराच्या कार्यालयात नुकतं लागलेलं असतं, कुणाच्या मनात स्वतःच उभं राहायचं असतं. "काका, सुरुवात कुठून करायची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. हे सगळं शंभरावर गावं आणि वाड्या-वस्त्या असलेल्या, पाण्याची ओढ असलेल्या ग्रामीण मतदारसंघाबद्दल आहे. शहरातल्या आमदारकीचं मला फारसं ठाऊक नाही.

सुरुवात वहीपासून करा. जाड पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर घ्या. रकाने आखा: तारीख, गाव, माणसाचं नाव आणि मोबाईल, काम काय, कागद कोणत्या कार्यालयात दिला, तिथला आवक क्रमांक, आणि शेवटी पुढची तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "पत्र दिलं" अशी नोंद करून वही मिटली की ते काम मेलं असं समजा. पत्र दिल्यावर आठवड्यानं कोणाला फोन करायचा, पंधरवड्यानं कोणाला भेटायचं, हे त्याच वेळी लिहून ठेवायचं. मोबाईलमध्ये, संगणकावर नोंदी ठेवा, जरूर ठेवा. पण कार्यालयात आलेल्या म्हाताऱ्या माणसासमोर वही उघडून त्याच्या नावापुढं बोट ठेवलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. आपलं काम कुठंतरी लिहिलेलं आहे एवढं त्याला दिसलं पाहिजे.

नोंद कशी घ्यायची ते एका उदाहरणावरून सांगतो. रब्बीचे दिवस, ज्वारी पोटऱ्यात आलेली, आणि सकाळी सहाला फोन येतो.

"साहेबांना द्या."

"साहेब मुंबईत आहेत, अण्णा. मला सांगा, काय झालं?"

"डीपी जळाला. आठ दिवस झाले. कोण दाद देईना."

इथं नवखा माणूस म्हणतो, "बरं, बोलतो मी इंजिनिअरशी." आणि फोन ठेवतो. असं करू नका. कागद-पेन ओढून विचारत जायचं. डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, कुठल्या वस्तीचा, त्यावर नंबर काय रंगवलाय, त्रेसष्ट केव्हीएचा आहे की शंभरचा, त्यावर मोटारी किती चालतात, वायरमन येऊन बघून गेला का, रिपोर्ट वर गेला का, त्या डीपीवरची थकबाकी किती. या प्रश्नांची उत्तरं हातात असतील तर शाखा अभियंत्याशी दोन मिनिटांत बोलणं होतं. नसतील तर तो "बघतो" म्हणतो आणि तुम्हीही अण्णांना "बघतो" म्हणता. खूप वेळा असं निघतं की रिपोर्टच गेलेला नसतो, किंवा गेलेल्या रिपोर्टवर डीपीचा नंबर चुकलेला असतो. आमदारांनी अधीक्षक अभियंत्यांना फोन करण्याआधी हा खालचा गुंता सोडवायचा. वरचा फोन हा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवा. रोज वापरला तर त्याची किंमत राहत नाही. आणि डीपी बसला की वहीत "मिटलं" असं लिहिण्याआधी अण्णांना फोन करून मोटार चालू झाली का ते विचारायचं. डीपी बसूनही एक फेज गायब असते, हे मी कैक वेळा पाहिलंय.

वही महिनाभर चालवलीत की तिच्यात तीन तऱ्हेची कामं वेगळी दिसायला लागतील.

पहिली एकेका माणसाची. दाखला, रेशनकार्डावर नाव चढवणं, संजय गांधी निराधारची अडकलेली पेन्शन, दवाखाना. यातली दवाखान्याची कामं सगळं सोडून आधी करायची. पेशंटचा माणूस रडत येतो आणि "मुख्यमंत्री निधीचं पत्र द्या" म्हणतो. पत्र द्याच, पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. तो आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, आणि दवाखाना धर्मादाय आहे का. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. हे पेशंटच्या माणसाला ठाऊक नसतं. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक एवढं घेऊन त्याच दिवशी त्याला दवाखान्यातल्या समाजसेवकाकडं पाठवायचं. निधीचे पैसे यायला वेळ लागतो, खाट मात्र आज मिळू शकते.

दुसरी गावाची कामं. रस्ता, सभामंडप, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड. इथं आमदार निधी येतो, आणि त्याबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. २०२२ पासून महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. सुचवता येतात, एवढंच. पैसा आमदाराच्या हातात येत नाही. आमदार पत्र देतात, जिल्हा नियोजन कार्यालयातून तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यतेचा प्रवास होतो, मग एखादी यंत्रणा काम करते. शंभर गावांत पाच कोटी वाटले तर कुणाच्याच पदरात धड काही पडत नाही. म्हणून दर वर्षी थोडी गावं घ्या आणि पुढच्या वर्षीची गावं त्यांच्या सरपंचांना आधीच सांगून ठेवा. आणि पत्र टाइप करण्याआधी जागेचा उतारा मागा. सभामंडप ज्या जागेवर बांधायचा ती ग्रामपंचायतीच्या नावावर आहे का? देवस्थानची असेल, गायरान असेल, चार भावांची सामाईक असेल तर काम तिथंच लटकतं आणि निधी वर्षभर अडकून पडतो. नारळ फुटल्यावर हा घोळ कळला तर गावात मान खाली घालावी लागते.

तिसरी तालुक्याची कामं. आमच्या भागात याचा अर्थ एकच, पाणी. आणि माणसाची कारकीर्द कशानं ठरते म्हणाल तर या तिसऱ्या कामानं, असं माझं ठाम मत आहे.

सांगोल्याकडून काय शिकायचं

यासाठी नव्या पोरांना मी सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची कारकीर्द वर्षांनिशी समोर मांडून दाखवतो. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेला आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा निवडून आला, सगळ्या निवडणुका एकाच सांगोल्यातून, एकाच पक्षाकडून. त्यातली बहुतेक वर्षं ते विरोधी बाकावर होते. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि पुन्हा १९९९ नंतर ते मंत्री झाले, बाकी काळ सत्तेबाहेर. सत्ता नसताना ग्रामीण आमदार काय करू शकतो, याचं उत्तर हवं असेल तर त्यांच्याकडं बघा. एसटीनं फिरणारे आबासाहेब म्हणून लोक त्यांची आठवण काढतात, पण एसटीत बसलं म्हणून कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. त्यांनी पाण्याचा विषय पिढ्यांच्या हिशेबानं धरून ठेवला, तो धडा मोठा आहे.

१९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी त्यांचे प्रणेते, आणि गणपतराव त्यांच्यासोबत उभे. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तेरा तालुक्यांना द्या, ही मागणी. कऱ्हाडजवळच्या टेंभू इथून पाणी उचलणाऱ्या योजनेला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मान्यता मिळाली म्हणजे पाणी आलं असं नाही. त्यानंतर भूसंपादन, पंप, वीजबिल, सुधारित प्रशासकीय मान्यता, दर वर्षीच्या अर्थसंकल्पातली तरतूद, प्रत्येक टप्प्यावर काम थांबत आणि पुढं सरकत राहिलं. शिवारात पाणी पोचायला कितीतरी निवडणुका उलटाव्या लागल्या. पाच वर्षांत फळ दिसेल तेवढंच हाती घ्यायचं ठरवलेला आमदार टेंभूसारख्या कामाच्या वाटेलाच जाणार नाही, आणि त्याच्या तालुक्याला पुढची पन्नास वर्षं टँकर बघावे लागतील.

याच पट्ट्यातले दुसरे एक नाव वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणाऱ्या माणसाला काम द्यायची जबाबदारी सरकारची, ही रोजगार हमीची कल्पना त्यांनी लावून धरली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये देशानं तशाच हमीचा कायदा केला. दुष्काळी गावातली गरज कायद्याच्या कलमापर्यंत कशी नेता येते, हे यातून दिसतं. म्हणून वहीत एकाच प्रकारची तक्रार दहा गावांतून आली की ती वैयक्तिक कामांच्या यादीतून काढा आणि वेगळ्या पानावर घ्या. तो आता सभागृहाचा विषय झाला.

सभागृहात विषय कसा न्यायचा

विधानसभेची तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नव्या आमदाराला वाटतं की उभं राहून जोरात बोललं की झालं. भाषणाची चित्रफीत गावात फिरते हे खरं. पण सरकारकडून लेखी काही काढायचं असेल तर तारांकित प्रश्नासारखं हत्यार नाही. त्याची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, विधानमंडळ सचिवालयाकडून तारखांचं परिपत्रक येतं. ते आलं की भिंतीवर चिकटवा.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. समजा, ओढ्यावरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पोरांची शाळा बुडते. तर प्रश्न असा लिहायचा:

"सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) मौजे अमुक, ता. अमुक येथील ओढ्यावरील पूल पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्याने विद्यार्थ्यांना शाळेत जाता येत नाही, हे खरे आहे काय. (२) असल्यास, सदर पुलाच्या उंचीवाढीचे अंदाजपत्रक माहे जूनमध्ये संबंधित कार्यालयास सादर झाले आहे, हे ही खरे आहे काय. (३) असल्यास, त्यास मंजुरी देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

सगळी ताकद दुसऱ्या कलमात आहे. अंदाजपत्रक कुठल्या महिन्यात कुठं गेलं हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे, आणि ते वहीतल्या आवक क्रमांकावरून कळतं. नुसतं "पूल बांधणार काय" असं विचारलंत तर "निधीच्या उपलब्धतेनुसार" एवढंच हातात येतं. उत्तर आल्यावर पहिला शब्द बघा. "हे खरे नाही" असेल तर पुरावा काढा. "हे अंशतः खरे आहे" असं असेल तर उपप्रश्न तिथंच विचारायचा: कोणता अंश खरा? तारांकित प्रश्नावर सभागृहात तोंडी उत्तर आणि उपप्रश्न असतात. पण यादीत खाली गेलेला प्रश्न चर्चेला येतच नाही, त्याचं नुसतं छापील उत्तर मिळतं. तेही कापून फाइलला लावा, त्यात मंत्र्यांचा शब्द आहे.

तातडीचा विषय असेल, जनावरं चाऱ्यावाचून उभी असतील, तर नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना द्यायची. उत्तरानं समाधान झालं नाही तर नियम ९४ ची अर्धा तास चर्चा. पुरवणी मागण्यांवर बोलताना आपल्या तालुक्याचं एकच काम घ्या आणि त्याचं पूर्ण नाव, किलोमीटर, रक्कम सांगा. वीस कामांची यादी वाचलेली मी पुष्कळांची ऐकलीय, मंत्र्यांनी त्यातलं एकही टिपून घेतलेलं आठवत नाही. आणि मंत्री सभागृहात "करू", "बैठक घेऊ", "महिन्याभरात निर्णय घेऊ" म्हणाले की ती तारीख लाल शाईनं वहीत. विधानमंडळाची आश्वासन समिती आहे, तिच्याकडं अशा शब्दांचा पाठपुरावा करता येतो. हा रस्ता फार थोडे आमदार वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

मंत्रालयात निवेदनावर मंत्र्यांचा शेरा घेतला की कार्यकर्ते खूश होऊन फोटो काढतात. शेरा वाचायला शिका. "तपासून सादर करावे" म्हणजे मंजुरी नव्हे. "नियमानुसार कार्यवाही करावी" म्हणजेही नव्हे. कागद मंत्र्यांच्या दालनातून विभागात जातो, तिथल्या कार्यासनाला जातो, कक्ष अधिकारी टिपणी लिहितात, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी नस्ती, म्हणजे फाइल, वर चढते आणि पुन्हा मंत्र्यांकडं येते. म्हणून फोटो काढून झाल्यावर कार्यासनाचा क्रमांक विचारून घ्या आणि त्या टेबलावरच्या माणसाशी नम्रपणं बोला. त्यांना जिल्ह्याकडून एखादा अहवाल हवा असतो आणि तो आलेला नसतो. तो अहवाल जिल्ह्यातून लवकर पाठवून घेणं हे स्वीय सहाय्यकाचं खरं काम.

गावात कसं वागायचं

पंचायत समितीची आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते. ती दर वर्षी घ्या, टाळू नका. लोक माइक हातात घेऊन भडाभडा बोलतात, अधिकारी अस्वस्थ होतात, आमदारांनाही चार शब्द ऐकावे लागतात. ऐकावेत. मागच्या आमसभेतल्या प्रश्नांचं काय झालं, हे सभा सुरू होताच खातेनिहाय वाचून दाखवलंत तर निम्मा राग तिथंच उतरतो.

मयतीला, दहाव्याला जा. दहाव्याला भाषण करू नका, कुणी आग्रह केला तरी. श्रद्धांजलीची दोन वाक्यं पुरतात. लग्नसराईत एका दिवसात पंधरा लग्नं असतात, सगळीकडं पोचता येत नाही. अशा वेळी ज्या घरात यंदा काही वाईट घडलंय तिथं आधी जायचं. कर्त्या माणसाविना उभ्या राहिलेल्या मांडवात आमदार आले, हे ते घर जन्मभर विसरत नाही, आणि मतांचा हिशेब बाजूला ठेवला तरी तसंच वागलं पाहिजे.

बदल्यांच्या कामांत हात घालू नका. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्या बदल्यांची पत्रं द्यायला लागलात की एक खूश आणि दहा नाराज, शिवाय अधिकाऱ्यांशी तुमचं बोलणं मिंधं होतं. त्यापेक्षा तलाठी गावात कुठल्या वारी बसतो ते चावडीवर लिहायला लावा. टँकरच्या खेपांची नोंदवही उन्हाळ्यात स्वतः तपासा: किती खेपा मंजूर, किती झाल्या, सही कुणाची. वस्तीवरच्या बाईला विचारा, ती बरोबर सांगते.

कालव्याच्या आवर्तनाचं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीचं, तेवढं लक्षात ठेवा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला आमदारांनी स्वतः जायचं, प्रतिनिधी पाठवायचा नाही. पाणी कधी सुटणार हे ठरतं तिथं, आणि टेलला (कालव्याच्या शेवटाला) आधी देणार की हेडला (सुरुवातीला), हेही तिथंच. टेलच्या गावातला माणूस बैठकीला घेऊन जा.

निवडणूक आणि पराभव

पराभवाची तयारी आधीपासून मनात ठेवावी लागते. गणपतरावही दोनदा हरले. १९७२ मध्ये, आणि मग १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले, १९९९ मध्ये पुन्हा आले. मधल्या काळात माणसं त्यांच्याकडं यायची थांबली नव्हती. म्हणून निकाल विरुद्ध गेला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायचं. वहीतली अर्धी राहिलेली कामं तशीच असतात. लेटरपॅड बदलतं, सही "माजी आमदार" अशी होते, तहसीलमध्ये थोडं जास्त थांबावं लागतं. तरी जायचं.

जे पहिल्यांदाच उभं राहणार आहेत त्यांच्यासाठी कागदाचं थोडक्यात. वय २५ पूर्ण हवं. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. शपथपत्र नमुना २६ मध्ये, त्यातला एकही रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तर तसं लिहा. मालमत्ता, कर्ज, खटले सगळं खरं. महाराष्ट्रात विधानसभेच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. प्रचार सुरू होण्याआधी खर्चासाठी वेगळं बँक खातं काढा आणि रोजच्या रोज नोंद करायला एक माणूस नेमा, चहाच्या बिलापर्यंत. निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडं द्यावा लागतो, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवलं जाऊ शकतं. तो सादर केल्याची पोच घ्या आणि वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.